टेन थिंग्ज आय हेट अबाउट यू (चित्रपट)

टेन थिंग्ज आय हेट अबाउट यू हा इ.स. १९९९ मध्ये प्रदर्शित झालेला इंग्लिश भाषेतील अमेरिकन चित्रपट आहे. किशोरवयीन मुलामुलींच्या प्रेमकथेवर आधारलेला हा प्रणय-विनोदी चित्रपट गिल जंगर यांनी दिग्दर्शित केला असून त्याची पटकथा कॅरेन मकुल्लाह लुट्झ आणि कर्स्टन स्मिथ या दोन लेखिकांची आहे. ज्युलिया स्टाइल्स, हीथ लेजर, जोसेफ गॉर्डन-लेव्हिट आणि लारिसा ओलेनिक यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. विल्यम शेक्सपिअर यांच्या 'द टेमिंग ऑफ द श्रू' या सुखात्मिकेचे कथाबीज घेऊन ते विसाव्या शतकाच्या अखेरच्या एका अमेरिकन माध्यमिक शाळेत रुजविण्यात आले आहे. याच नाटकाचे 'त्राटिका' हे रूपांतर मराठी रंगभूमीवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गाजले होते.

शीर्षकाचा शब्दशः अर्थ 'तुझ्यातल्या मला तिटकारा असलेल्या दहा गोष्टी' असा होतो. चित्रपटाच्या शेवटी नायिका वर्गात वाचून दाखवते त्या कवितेशी हे शीर्षक जोडलेले आहे. चित्रपटाची लांबी ९७ मिनिटे आहे.

कथानक

सिएटल शहरातील पडुआ हायस्कूल या काल्पनिक शाळेत कॅटरिना ऊर्फ कॅट आणि बियांका या स्ट्रॅटफर्ड भगिनी शिकत असतात. थोरली कॅट बुद्धिमान, वाचनप्रिय आणि तिखट जिभेची आहे. वर्गात ती शिक्षकांशी वाद घालते, शाळेतील लोकप्रियतेची तिला फिकीर नाही आणि घरापासून दूर, देशाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या सारा लॉरेन्स कॉलेजात शिकायला जाण्याचे तिने ठरविले आहे. धाकटी बियांका सर्वांची लाडकी असून मुलांसोबत फिरायला जाण्यास उत्सुक आहे. त्यांचे वडील वॉल्टर हे प्रसूतितज्ज्ञ डॉक्टर आहेत. अल्पवयीन मातांच्या प्रसूती रोज पाहत असल्याने मुलींविषयीची त्यांची धास्ती टोकाला गेली आहे. बियांकाचा हट्ट मोडून काढण्यासाठी ते एक अट घालतात: कॅट ज्या दिवशी एखाद्या मुलासोबत फिरायला जाईल, त्या दिवशी बियांकालाही परवानगी मिळेल. कॅटला मुलांचा तिटकारा असल्याने ही अट कधीच पुरी होणार नाही, अशी त्यांची खात्री असते.

शाळेत नव्याने आलेला कॅमेरॉन जेम्स बियांकाला पाहताक्षणी तिच्या प्रेमात पडतो. तिला फ्रेंच शिकविण्याच्या निमित्ताने तो तिच्याशी ओळख करून घेतो. वडिलांची अट कळल्यावर तो आणि त्याचा मित्र मायकेल एक युक्ती योजतात. जोई डॉनर हा श्रीमंत व गर्विष्ठ विद्यार्थीही बियांकाच्या मागे असतो. त्याच्या पैशाने कॅटसाठी एखादा 'वर' भाड्याने घ्यावा, अशी ती युक्ती होय. या कामासाठी निवड होते पॅट्रिक व्हेरोना या विद्यार्थ्याची, ज्याच्याविषयी शाळेत नाना भीतीदायक अफवा पसरलेल्या आहेत.

पैसे घेऊन सुरू केलेल्या या उद्योगात पॅट्रिक हळूहळू खरोखरच गुंतत जातो. एका मेजवानीत कॅट अतिमद्यपान करते. पॅट्रिक तिची काळजी घेतो आणि ती शुद्धीवर नसताना तिने पुढे केलेल्या जवळिकीला नकार देतो. रागावलेल्या कॅटची समजूत घालण्यासाठी तो शाळेच्या मैदानावर वाद्यवृंदाच्या साथीने सर्वांसमक्ष गाणे म्हणतो. दोघांमध्ये स्नेह निर्माण होतो. दरम्यान जोईचा पोकळपणा बियांकाच्या ध्यानी येतो आणि ती कॅमेरॉनकडे ओढली जाते.

कॅट इतकी कठोर का झाली, याचा उलगडा ती बहिणीजवळ करते. नवव्या इयत्तेत असताना, आई घर सोडून गेल्यानंतरच्या दिवसांत, तिचे जोईशी संबंध आले होते. मनाची तयारी नसताना केवळ इतर सारे करतात म्हणून झालेली ती गोष्ट तिला नको होती. त्यानंतर कोणाच्या अपेक्षेखातर काहीही न करण्याचा तिने निश्चय केला. शालान्त वर्षाच्या अखेरीस विद्यार्थ्यांसाठी होणाऱ्या औपचारिक नृत्यसमारंभात, म्हणजे 'प्रॉम'मध्ये, पैशाचा व्यवहार कॅटसमोर उघड होतो. ती दुखावून निघून जाते. जोई कॅमेरॉनला मारतो, तेव्हा बियांका स्वतः पुढे होऊन जोईला चोप देते.

पुढे वर्गात, शेक्सपिअर यांच्या सुनीताच्या धर्तीवर कविता लिहिण्याचा गृहपाठ म्हणून, कॅट आपली कविता वाचते. पॅट्रिकच्या न आवडणाऱ्या गोष्टींची यादी करता करता, त्याचा तिटकारा करणे आपल्याला जमत नाही, ही कबुली तिच्या तोंडून येते आणि ती रडत वर्गाबाहेर पडते. जोईकडून मिळालेल्या पैशातून पॅट्रिक तिच्यासाठी गिटार घेतो. चुकल्यावर दर वेळी भेटवस्तू देऊन सुटका होणार नाही, हे कॅट त्याला बजावते आणि मगच दोघांचा समेट होतो.

पात्रे आणि कलाकार

कॅटरिना (कॅट) स्ट्रॅटफर्ड – ज्युलिया स्टाइल्स
पॅट्रिक व्हेरोना – हीथ लेजर
कॅमेरॉन जेम्स – जोसेफ गॉर्डन-लेव्हिट
बियांका स्ट्रॅटफर्ड – लारिसा ओलेनिक
मायकेल – डेव्हिड क्रमहोल्ट्झ
जोई डॉनर – अँड्रू कीगन
मँडेला, कॅटची मैत्रीण – सुझन मे प्रॅट
चॅस्टिटी, बियांकाची मैत्रीण – गॅब्रिएल युनियन
डॉ. वॉल्टर स्ट्रॅटफर्ड – लॅरी मिलर
मॉर्गन, इंग्लिशचे शिक्षक – डॅरिल मिचेल
पर्की, समुपदेशिका – ॲलिसन जॅनी

मूळ नाटकाशी संबंध

'द टेमिंग ऑफ द श्रू' हे शेक्सपिअर यांच्या सुरुवातीच्या सुखात्मिकांपैकी एक असून ते १५९० च्या सुमारास लिहिले गेले असे मानले जाते. १६२३ च्या 'फर्स्ट फोलिओ' या संग्रहात ते छापले गेले. इटलीतील पडुआ नगरीतल्या बाप्टिस्टा या धनिकाला कॅथरिना आणि बियांका अशा दोन मुली असतात. थोरलीचे लग्न झाल्याखेरीज धाकटीचे होणार नाही, असे तो जाहीर करतो. व्हेरोनाहून आलेला पेट्रुकिओ हुंड्याच्या आशेने भांडखोर कॅथरिनाशी लग्न करतो. तिला उपाशी ठेवून, झोपू न देऊन आणि दिवसाढवळ्या सूर्याला चंद्र म्हणायला लावून तो तिला 'वठणीवर' आणतो. पत्नीने पतीच्या आज्ञेत कसे राहावे, यावरील कॅथरिनाच्या दीर्घ भाषणाने नाटकाचा शेवट होतो.

चित्रपटातील नावे या नाटकाची आठवण जागोजागी करून देतात. शाळेचे नाव पडुआ आहे. नायकाचे आडनाव व्हेरोना आहे आणि दोन्ही बहिणींचे स्ट्रॅटफर्ड हे आडनाव शेक्सपिअर यांच्या जन्मगावावरून घेतलेले आहे. कॅमेरॉन हा मूळ नाटकातील ल्युसेन्शिओ होय. ल्युसेन्शिओ लॅटिनचा शिक्षक बनून बियांकाच्या घरात शिरतो, तर कॅमेरॉन फ्रेंचचा शिक्षक बनतो. मँडेला हे पात्र शेक्सपिअर यांच्या लेखनाचे वेडे भक्त असून तिला जिंकण्यासाठी मायकेलला एलिझाबेथकालीन वेशाचा आधार घ्यावा लागतो. नाटकाच्या आरंभी ख्रिस्तोफर स्लाय नावाच्या मद्यपी इसमाची फसवणूक करून त्याच्यासमोर सारा खेळ सादर केला जातो. ही चौकट चित्रपटात वगळण्यात आली आहे.

कथानकाची यंत्रणा जवळजवळ तीच ठेवून पटकथाकारांनी तिचा कल मात्र उलटा केला आहे. हा फरक पैशाच्या सूत्रात सर्वांत स्पष्ट दिसतो. मूळ नाटकातही बियांकाचे इच्छुक वर पेट्रुकिओच्या प्रणययाचनेचा खर्च उचलण्याचे मान्य करतात आणि पेट्रुकिओ स्वतः संपत्तीसाठी लग्न करावयास आल्याचे उघडपणे सांगतो. त्याबद्दल त्याला कोठेही जाब द्यावा लागत नाही. चित्रपटात नेमका हाच व्यवहार नायकाचा अपराध ठरतो आणि त्याची कबुली दिल्याशिवाय कथा पुढे सरकत नाही. नाटकात परीक्षा नायिकेची होते, चित्रपटात ती नायकाची होते.

दुसरा फरक सत्तेचा आहे. पेट्रुकिओला कॅथरिनावर पतीचा अधिकार आहे. अन्न, वस्त्र आणि निद्रा हे त्याचे शस्त्र आहे. पॅट्रिककडे असा कोणताच अधिकार नाही. कॅट त्याला केव्हाही नकार देऊ शकते आणि अनेकदा देतेही. मेजवानीच्या प्रसंगी तर ती असहाय असताना तो हात आखडता घेतो. पेट्रुकिओ पत्नीच्या दुबळ्या अवस्थेचा उपयोग करून घेतो, तर पॅट्रिक ते टाळतो. या उलटफेरामुळेच मूळ कथेतील क्रौर्य गळून पडून तिची प्रेमकथा होऊ शकली.

तिसरा फरक शेवटाचा आहे. कॅथरिनाच्या आज्ञापालनाच्या भाषणाच्या जागी चित्रपटात कॅटची कविता येते. दोन्ही ठिकाणी एक मानी स्त्री सर्वांसमक्ष उभी राहून बोलते. परंतु कॅट आज्ञा मानण्याचे वचन देत नाही. ती स्वतःच्या मनातील विरोधाभास उघड करते. वर्गात आधार म्हणून दिलेले सुनीत हे शेक्सपिअर यांचे १४१ वे सुनीत असून डोळ्यांना प्रियव्यक्तीत असंख्य दोष दिसत असतानाही हृदय तिच्यावरच प्रेम करते, असा त्याचा आशय आहे. कॅटच्या कवितेची रचना याच कल्पनेवर उभी आहे. शेवटी कॅट सारा लॉरेन्स कॉलेजात जाण्याचा आपला बेतही सोडत नाही. वडीलच तिला परवानगी देतात.

मराठी रंगभूमीवरील 'त्राटिका'

या चित्रपटाची मूळ कथा मराठी प्रेक्षकांना नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रा. वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी 'द टेमिंग ऑफ द श्रू'चे 'त्राटिका' या नावाने मराठी रूपांतर केले. शाहूनगरवासी नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले. त्यात गणपतराव जोशी हे प्रतापरावाची, म्हणजे पेट्रुकिओची, आणि बळवंतराव जोग हे त्राटिकेची भूमिका करीत. गोपाळ गणेश आगरकर यांनी 'हॅम्लेट'च्या केलेल्या 'विकारविलसित' या रूपांतरातील भूमिकेसाठीही गणपतराव जोशी ख्यातनाम होते.

दोन्ही भाषांतील शीर्षके बोलकी आहेत. इंग्लिशमधील 'श्रू' म्हणजे चिचुंद्री आणि लक्षणेने कजाग स्त्री. मराठीतील 'त्राटिका' हे रामायणातील ताटका राक्षसीचे रूढ नाव असून व्यवहारात तेही भांडखोर बाईलाच लावले जाते. नाटक सुरू होण्यापूर्वीच नायिकेविषयीचा निवाडा शीर्षकाने देऊन ठेवलेला असतो. चित्रपटाचे शीर्षक मात्र नायिकेच्या तोंडचे आहे. त्यात दोषांची यादी नायकाची आहे आणि ती करणारी नायिका आहे.

आणखी एक साम्य लक्षणीय आहे. शेक्सपिअर यांच्या काळी इंग्लिश रंगभूमीवर स्त्रीभूमिका मुलगे करीत आणि 'त्राटिका'च्या काळी मराठी रंगभूमीवरही त्या पुरुष नटच करीत. लेखकही पुरुषच होते. चित्रपटात ही भूमिका दोन स्त्रियांनी लिहिली आणि एका तरुणीने साकारली, हा या कथेच्या प्रवासातील मोठा पालट होय.

निर्मिती

कॅरेन मकुल्लाह लुट्झ आणि कर्स्टन स्मिथ यांच्या लेखनातून पडद्यावर आलेली ही पहिली पटकथा होती. शीर्षकाची कल्पना लुट्झ यांच्या शालेय वयातील दैनंदिनीवरून सुचली. तीत त्यांनी आपल्या तेव्हाच्या मित्राच्या न आवडणाऱ्या गोष्टींची यादी केली होती. याच लेखिकाद्वयाने पुढे 'लीगली ब्लाँड' (२००१) आणि शेक्सपिअर यांच्या 'ट्वेल्फ्थ नाइट'वर आधारित 'शी इज द मॅन' (२००६) या चित्रपटांच्या पटकथांवर काम केले. दूरचित्रवाणी मालिकांचे दिग्दर्शन करणारे गिल जंगर यांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिलाच चित्रपट होता. अँड्रू लाझार हे निर्माते, मार्क अर्विन हे छायालेखक आणि रिचर्ड गिब्स हे संगीतकार होते. चित्रपट डिस्ने उद्योगसमूहाच्या टचस्टोन पिक्चर्स या शाखेच्या नावाने निघाला.

कथा सिएटलमध्ये घडत असली तरी शाळेचे चित्रीकरण जवळच्या टकोमा शहरातील स्टेडियम हायस्कूल या खऱ्याखुऱ्या शाळेत झाले. किल्ल्यासारखी दिसणारी ही इमारत मुळात एका रेल्वे कंपनीने आलिशान हॉटेल म्हणून १८९१ मध्ये बांधावयास घेतली होती. आर्थिक मंदीमुळे काम रखडले, १८९८ मध्ये तिला आग लागली आणि अखेर १९०६ मध्ये तेथे शाळा सुरू झाली. पॅट्रिकच्या गाण्याचा प्रसंग शाळेलगतच्या मैदानातील पायऱ्यांवर चित्रित झाला आहे.

संगीत

पॅट्रिक मैदानावर गातो ते 'कान्ट टेक माय आइज ऑफ यू' हे गीत मूळचे गायक फ्रँकी व्हॅली यांचे असून ते १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले होते. चित्रपटात ते स्वतः हीथ लेजर यांनी गायले आहे. 'लेटर्स टू क्लिओ' आणि 'सेव्ह फेरिस' हे वाद्यवृंद चित्रपटात प्रत्यक्ष दिसतात. शेवटच्या दृश्यात शाळेच्या छतावर गाणारा वृंद 'लेटर्स टू क्लिओ' हा आहे. कॅटच्या आवडीचे संगीत त्या काळच्या बंडखोर तरुणींच्या रॉक संगीताच्या परंपरेतील आहे आणि ते तिच्या स्वभावचित्रणाचाच भाग आहे.

प्रदर्शन आणि प्रतिसाद

हा चित्रपट ३१ मार्च १९९९ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्याच दिवशी 'द मॅट्रिक्स' हा चित्रपटही झळकला. तरीही या तुलनेने कमी खर्चाच्या चित्रपटाने उत्तर अमेरिकेत सुमारे ३.८ कोटी डॉलरचा व्यवसाय केला. समीक्षक रॉजर इबर्ट यांनी त्याला चारपैकी अडीच तारे दिले. ज्युलिया स्टाइल्स यांना २००० मध्ये उल्लेखनीय पदार्पणासाठीचा एमटीव्ही चित्रपट पुरस्कार मिळाला. त्यांनी पुढे 'हॅम्लेट' (२०००) मध्ये ऑफेलियाची आणि 'ऑथेल्लो'वर आधारलेल्या 'ओ' (२००१) मध्ये डेस्डेमोनाच्या धर्तीवरची भूमिका केली. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या हीथ लेजर यांचा हा पहिला अमेरिकन चित्रपट होता. २२ जानेवारी २००८ रोजी वयाच्या २८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. 'द डार्क नाइट'मधील भूमिकेसाठी त्यांना २००९ मध्ये मरणोत्तर ऑस्कर पुरस्कार देण्यात आला.

आक्षेपाच्या जागा

आजच्या दृष्टीने चित्रपटातील काही गोष्टी खटकतात. पॅट्रिकला शिक्षेच्या वर्गातून निसटता यावे म्हणून कॅट शिक्षकाचे लक्ष वेधण्यासाठी आपला अंगरखा वर करते. हा प्रसंग विनोद म्हणून योजला असला तरी तो अल्पवयीन विद्यार्थिनी आणि शिक्षक यांच्यातला आहे. मुलींना घाबरविण्यासाठी वडील बियांकाला गर्भारपणाचे खोटे पोट घालावयास लावतात, तेही हशासाठीच. पाळत ठेवून आणि आवडीनिवडींची माहिती चोरून मिळवून एखाद्या मुलीचा विश्वास संपादन करणे हे कथेत पुरते निषिद्ध ठरत नाही. स्त्रीवादी नायिकेचे दुःख अखेर प्रेमप्रकरणातूनच हलके होते, हाही एक आक्षेप संभवतो. दुसऱ्या बाजूने, मनाविरुद्ध झालेल्या शरीरसंबंधाविषयी थोरली बहीण धाकटीशी मोकळेपणाने बोलते आणि निर्णय तिच्यावर सोडते, हा प्रसंग त्या काळातील किशोरपटांत दुर्मीळ गांभीर्याचा आहे.

परंपरा आणि प्रभाव

अभिजात साहित्यकृती शाळा-महाविद्यालयाच्या वातावरणात आणण्याची लाट १९९० च्या दशकात अमेरिकन चित्रपटसृष्टीत आली होती. जेन ऑस्टिन यांच्या 'एमा'वरील 'क्लूलेस' (१९९५) हा तिचा ठळक आरंभ होय. १९९९ मधील 'शी इज ऑल दॅट' या चित्रपटामागे बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन'ची कल्पना आहे. याच नाटकाचे पु. ल. देशपांडे यांनी 'ती फुलराणी' हे मराठी रूपांतर केले. 'द टेमिंग ऑफ द श्रू'वर याआधी कोल पोर्टर यांची 'किस मी, केट' (१९४८) ही संगीतिका आणि एलिझाबेथ टेलर व रिचर्ड बर्टन यांचा १९६७ मधील चित्रपट आला होता.

२००९ मध्ये याच नावाची दूरचित्रवाणी मालिका अमेरिकेत प्रसारित झाली. तीत लॅरी मिलर यांनी वडिलांची भूमिका पुन्हा केली, बाकी प्रमुख भूमिकांत नवे कलाकार होते. २० भागांनंतर २०१० मध्ये ती संपली.

उपलब्धता

चित्रपटाचे हक्क डिस्नेकडे असल्याने अमेरिकेसह अनेक देशांत तो डिस्ने प्लस या मंचावर पाहावयास मिळतो. भारतात डिस्नेचा चित्रपटसंग्रह एप्रिल २०२० पासून डिस्ने प्लस हॉटस्टार या नावाने उपलब्ध होता. जिओसिनेमाशी एकत्रीकरण झाल्यावर १४ फेब्रुवारी २०२५ पासून त्या मंचाचे नाव जिओहॉटस्टार झाले. त्यामुळे भारतातील प्रेक्षकांनी शोधाची सुरुवात तेथून करणे सोयीचे ठरते. अशा मंचांवरील चित्रपट करारानुसार येत-जात असतात, म्हणून वर्गणी भरण्यापूर्वी मंचाच्या शोधपेटीत नाव टाकून खात्री करून घेणे इष्ट होय. शोधताना शीर्षकातील 'टेन' हा शब्द बहुधा अंकात लिहिलेला असतो. त्याच नावाच्या मालिकेशी गल्लत होऊ नये म्हणून १९९९ हे वर्ष आणि ९७ मिनिटांची लांबी पडताळावी.

चित्रपटाची डीव्हीडी आणि २०१० मध्ये निघालेली ब्लू-रे आवृत्तीही आहे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या डीव्हीडीचा विभाग १ असून भारताचा विभाग ५ आहे. त्यामुळे परदेशातून मागविलेली तबकडी येथील साध्या यंत्रावर चालेलच असे नाही. संवाद वेगवान आणि शब्दखेळांनी भरलेले असल्याने इंग्लिश उपशीर्षके सुरू ठेवून पाहिल्यास अधिक आस्वाद घेता येतो.

अमेरिकेत चित्रपटाला 'पीजी-१३' हे प्रमाणपत्र आहे. १३ वर्षांखालील मुलांसाठी काही भाग अयोग्य असू शकतो, असा त्याचा अर्थ. मद्यपान, लैंगिक सूचकता आणि शिवराळ भाषा यांचा त्यात समावेश आहे. कुमारवयीन मुलांसोबत पाहताना मेजवानीचा प्रसंग आणि दोन बहिणींमधील संवाद हे संमतीविषयी बोलण्यास उपयुक्त ठरणारे भाग आहेत. शेक्सपिअर यांचे नाटक किंवा केळकर यांची 'त्राटिका' वाचून मग चित्रपट पाहिल्यास एकाच कथेत चारशे वर्षांत स्त्रीचे स्थान किती आणि कसे बदलले, हे शेजारी ठेवून पाहता येते.